पंखातला पंखा

धामणगाव बढेच्या शिवारात सकाळी फवारणीचं ड्रोन उठतं तेव्हा सगळ्यात आधी पऱ्हाटी हलते. यंत्र अजून माणसाच्या डोक्याइतकंही वर गेलेलं नसतं आणि खालच्या दोन ओळींतली पानं उलटी होऊन आपली फिकट पाठ दाखवू लागतात. कोरडी माती धुऱ्यापर्यंत उडते. झाडाखाली बांधलेली बैलजोडी कान ताठ करते. मग ड्रोन पिकावर स्थिरावतं, पुढे सरकतं आणि त्याच्या पोटाखाली औषधाचा तुषार जमिनीकडे दाबला जातो.

"पाठीवरचा पंप पानाच्या वरूनच मारते," धुऱ्यावर उभे असलेले एक वयस्क कास्तकार सांगत होते. "अळी तं खालून बसते. हा वारा पानच पलटवते, मंग दवाई खालून बी लागते."

ड्रोन चालवणारी ताई बचत गटातली. तिचं लक्ष यंत्राइतकंच बांधावरच्या बाभळीच्या शेंड्याकडे होतं. "सकाळी नवाच्या आत जेवढं होईन तेवढं करून घ्या लागते. वारा सुटला का बंद. दवाई शेजारच्याच्या वावरात जाते अन् मशीन बी एका जागी राहत नाही."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'वारा' हा विषय दिला. मला लिहायचं होतं ते यंत्राने स्वतः निर्माण केलेल्या वाऱ्याबद्दल आणि तो वारा बाहेरच्या वाऱ्याला भेटतो तेव्हा काय होतं त्याबद्दल. सरळ वर उठणारी विमानं, त्यांच्या पंखांत बसवलेले उचलपंखे, आणि हवेत जाण्याआधी त्यांची परीक्षा घेणारी विंड टनेल हा तसा कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळांचा विषय. पण सुरुवात मोताळा तालुक्यातल्या या शिवारातून करायला माझ्याकडे दोन कारणं आहेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. पाठीवरचा पंप उतरवणारं कोणतंही यंत्र विदर्भाला हवंच आहे. दुसरं कारण रस्त्याचं. घाटाखालच्या गावांना मोताळ्यावरून बुलढाण्याला जाताना राजूर घाट चढावा लागतो आणि पावसाळ्यात आजारी माणसासाठी ती वाट लांबत जाते. २०२१ च्या डिसेंबरात पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी ड्रोनने लस पोचवण्याची चाचणी झाली, तेव्हापासून औषध हवेतून येण्याची गोष्ट आपल्याकडे स्वप्नातली राहिलेली नाही. म्हणून हे यंत्र नेमकं कशावर उभं राहतं हे इथल्या माणसाला कळलं पाहिजे.

जागेचा हिशेब

ज्याला धावपट्टी नाही त्याला सरळ वर उठावं लागतं. त्यासाठी यंत्राच्या वजनाइतका जोर खाली लावावा लागतो, आणि तो जोर हवा खाली ढकलूनच मिळतो. इथे निसर्गाचा एक पक्का नियम आहे. भरपूर हवा हळू ढकलली तर शक्ती कमी लागते, थोडी हवा जोरात ढकलली तर शक्ती जास्त लागते. हेलिकॉप्टरचं पातं एवढं लांब असण्याचं कारण हेच.

फवारणीच्या ड्रोनचाच हिशेब मांडू. टाकी भरलेलं, पंचवीस किलोचं ड्रोन आणि त्याला पाऊण मीटर व्यासाचे चार पंखे. सगळ्या पंख्यांनी मिळून व्यापलेली जागा पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास येते. ते हवेत स्थिर राहतं तेव्हा खालचा झोत ताशी ५४ किलोमीटरपर्यंत जातो. पऱ्हाटीची पानं उलटी करणारा वारा तो हाच. आता तेच पंचवीस किलो वजन उचलण्यासाठी लहान पंखे घेतले आणि ते पंखाच्या जाडीत भोकं पाडून बसवले, एकूण जागा ०.३ चौरस मीटर, तर झोताचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जातो आणि लागणारी शक्ती आदर्श परिस्थितीतही पावणेदोन पट होते. बॅटरी तितकी लवकर संपते.

मग पंखे पंखात कोंबायचेच कशाला? उघड्या फिरत्या पात्यांच्या जवळ माणूस, गुरं, विजेच्या तारा आल्या की अनर्थ होतो, हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर लांबच्या प्रवासाचं आहे. यंत्र एकदा पुढे पळू लागलं की पंखच वजन पेलतो आणि त्याला फार कमी शक्ती पुरते. तेव्हा वर उभे असलेले उघडे पंखे नुसता अडथळा करतात. ते पंखाच्या आत असतील तर वरून झाकण लावता येतं आणि पंख पुन्हा अखंड होतो. शेतावर फिरणाऱ्या ड्रोनला याची गरज नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून पन्नास किलोमीटरवर रक्ताची पिशवी न्यायची असेल तर आहे.

कागदावर इथपर्यंत सगळं सोपं दिसतं. जागच्या जागी उठणं हा भाग अवघड आहेच, पण त्याचं गणित स्वच्छ आहे. पंखावर उडणं हे तर शंभर वर्षांहून जुनं शास्त्र. खरी अडचण या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आहे. तिथे यंत्र अर्धं पंख्यावर असतं, अर्धं पंखावर.

थर्माकोलचा पंख आणि लोकरीचे धागे

हा मधला पट्टा डोळ्यांनी पाहावा म्हणून विदर्भातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलो. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत विंड टनेल होती. एका टोकाला रुंद तोंड, त्यात मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी खणांची जाळी, मग निमुळता होत जाणारा गळा, मग काचेची खिडकी असलेली एक फूट बाय एक फूट चाचणीची पेटी आणि शेवटी मोठा पंखा. तो पंखा हवा ढकलत नाही, ओढतो. ढकललेली हवा पात्यांमुळे गरगरत येते, ओढलेली हवा जाळीतून सरळ होऊन येते. देशातल्या अनेक विमान आणि यंत्र अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत अशा धाटणीचा लहान बोगदा असतो.

अंतिम वर्षाच्या मुलामुलींनी थर्माकोलचा जाड पंख कापला होता. त्याच्या मधोमध भोक आणि भोकात सत्तर मिलिमीटरचा विजेचा पंखा. पंखाच्या दोन्ही अंगांवर लोकरीचे बोटभर धागे चिकटवलेले. पंख एका दांड्यावर उभा होता आणि दांड्याच्या खाली जोर मोजणारे लोड सेल. खरं विमान हवेत पळतं आणि हवा उभी असते. इथे विमान उभं आणि हवा पळते. विमानाला जाणवणारा जोर दोन्हीकडे सारखाच, या एका तत्त्वावर अख्खं शास्त्र उभं आहे. राइट बंधूंनी १९०१ मध्ये असाच एक लाकडी खोका करून त्यात दोनशेच्या आसपास पंखांचे आकार तपासले आणि त्यातूनच त्यांना आपल्या विमानाचा पंख सापडला.

आधी बोगदा बंद ठेवून नुसता पंखातला पंखा चालवला. भोकाच्या काठाभोवतीचे धागे चहूबाजूंनी सारखेच आत वळले. जोराचा आकडा वाढला, पंख सरळ राहिला. इथे एक गोष्ट शिकवणाऱ्या बाईंनी दाखवली. भोकाचा वरचा काठ गोल केलेला होता. त्या काठावरून हवा वेगाने आत वळते, तिथला दाब कमी होतो आणि तो काठच वर ओढला जातो. म्हणजे वर उचलणारा सगळा जोर पात्यांचा नसतो, बराचसा त्या काठाचाही असतो. काठ धारदार ठेवला तर हा फायदा जातो.

मग बोगदा चालू केला. हवा सेकंदाला दहा मीटरने येऊ लागली आणि सगळं बदललं. भोकाच्या पुढच्या काठावरचे धागे ताणून आत गेले, मागच्या काठावरचे गोंधळून फडफडायला लागले. समोरून येणारी हवा पुढच्या काठावरून काटकोनात वळून आत शिरत होती, त्यामुळे तिथली ओढ वाढली होती. मागच्या काठापाशी ती सैल होती. लोड सेलवर याचा अर्थ लगेच दिसला. पुढची बाजू वर, मागची खाली. "मॅडम, वारा सोडला की हे नाक वर करतं," पंख्याचा वेग धरून बसलेला मुलगा म्हणाला. वेग वाढवत नेला तसा नाक वर करण्याचा जोर वाढतच गेला.

दुसरा आकडा ओढीचा होता. समोरून येणारी हवा पंखा गिळतो आणि सरळ खाली फेकतो. त्या हवेचा पुढून मागे जाण्याचा वेग यंत्राने हिरावून घेतलेला असतो आणि तेवढाच धक्का यंत्राला उलट बसतो. पंखा जितका जास्त हवा गिळतो तितकी ओढ जास्त. म्हणून अशा विमानांत पंख्याच्या खाली पट्ट्या असतात. त्या तिरप्या करून झोत थोडा मागे वळवला की पुढे ढकलणारा जोर मिळतो. पट्टी किती तिरपी करायची हे प्रत्येक वेगाला वेगळं असतं आणि ते बोगद्यातच ठरतं.

तिसरी गोष्ट बघायला अगरबत्ती लावली. पंखाच्या खालून निघणारा झोत समोरून येणाऱ्या हवेत उभा राहतो. वाहत्या ओढ्यात बांबू रोवला की त्याच्या मागे पाणी खोलगट होऊन गरगरतं, तसाच या झोताच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. हा पट्टा पंखाच्या पोटाला, भोकाच्या मागच्या भागाला खाली ओढतो. पंखा जे वर उचलतो त्यातला काही हिस्सा हा पट्टा परत घेतो. धुराची रेघ झोताला वळसा घालून पंखाच्या खाली वर चढताना दिसली आणि मला वाटतं त्या खोलीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी कळलं की पंखा आणि पंख वेगवेगळे मोजून बेरीज करण्यात अर्थ नाही. दोघांना एकत्र, वाहत्या हवेतच मोजावं लागतं.

बोगद्यातल्या हवेचा वेग कमी करून एक शेवटची नोंद घ्यायची होती, तेव्हा आकडे वेडेवाकडे येऊ लागले. झोत पेटीच्या तळावर आपटत होता, तळावरून पुढच्या दिशेला सरकून उलटा फिरत होता आणि पंखाच्या तोंडापाशी परत येत होता. मोकळ्या आकाशात असं होत नाही. बाईंनी बोगदा बंद करायला सांगितला. "याच्यापुढचे आकडे खोटे आहेत," त्या म्हणाल्या. "वहीत लिहू नका."

हे भान मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही कष्टाने आलं आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाचे विल्यम रे यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं की बोगद्याच्या मानाने झोत फार जोरदार असेल तर एका मर्यादेनंतर कोणतीही दुरुस्ती लावून आकडे वाचवता येत नाहीत. नासाच्या लँगली केंद्रात हॅरी हेसन यांनी त्या मर्यादेच्या आतल्या आकड्यांना भिंतींचा परिणाम वजा करून कसं सुधारायचं याची गणितं बसवली. यावर उपाय एकच उरतो. बोगदा मोठा बांधा.

मोफेट फील्ड

कॅलिफोर्नियात मोफेट फील्डला नासाचं एम्स संशोधन केंद्र आहे. तिथला मोठा बोगदा १९४४ मध्ये सुरू झाला. त्याची चाचणीची जागा ४० फूट उंच आणि ८० फूट रुंद. त्यात विमानाची प्रतिकृती ठेवण्याची गरजच नाही, खरं विमान आत जातं. हवा फिरवायला ४० फूट व्यासाचे सहा पंखे, आणि सुरुवातीच्या काळात त्यांची एकूण शक्ती ३६,००० अश्वशक्ती. पुढे पंख्यांची शक्ती वाढवून त्याला ८० बाय १२० फुटांची आणखी मोठी जागा जोडली. ती १९८७ पासून वापरात आली आणि जगात तेवढी मोठी जागा दुसरी नाही.

पंखातल्या पंख्याची सगळ्यात सखोल तपासणी याच बोगद्यात झाली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने साडेबासष्ट इंच, म्हणजे सुमारे १.६ मीटर व्यासाचा उचलपंखा बनवला होता. एम्समधल्या डेव्हिड हिकी, लिओ हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आधी एका मोठ्या प्रतिकृतीच्या धडात बसवून तपासला, मग दुसऱ्या प्रतिकृतीच्या दोन्ही पंखांत बसवून तपासला. त्यांचे अहवाल १९६० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात प्रसिद्ध झाले. त्या अहवालांत काय असतं? पंख्याचा वेग इतका, बोगद्यातल्या हवेचा वेग इतका, खालच्या पट्ट्या इतक्या अंशांत, पंखाचा कल इतका, आणि त्यापुढे सहा जोर: वर, मागे, बाजूला, आणि तिन्ही अक्षांभोवती वळवणारे तीन. एक बदलायचं, बाकी स्थिर धरायचं, पुन्हा मोजायचं. जमिनीचा परिणाम पाहण्यासाठी प्रतिकृतीची उंची बदलत पुन्हा सगळं मोजायचं, कारण जमिनीजवळ दोन झोत आपटून मधोमध वर उसळतात आणि पोटाला खालून धक्का देतात. गरम हवाही वर येते आणि इंजिनाच्या तोंडात परत शिरली की इंजिन दमतं.

या सगळ्यातून जे विमान उभं राहिलं त्याचं नाव एक्सव्ही-५. अमेरिकन लष्करासाठी जनरल इलेक्ट्रिकने कंत्राट घेतलं आणि रायन कंपनीने विमान बांधलं. दोन्ही पंखांत एकेक मोठा पंखा आणि नाकात तीन फुटांचा लहान पंखा. ही नाकाची व्यवस्था कशासाठी, हे त्या महाविद्यालयातल्या मुलाने आधीच सांगितलं होतं: वारा सोडला की हे नाक वर करतं. नाकातल्या पंख्याने ते आवरायचं.

या पंख्यांना वेगळी मोटर नव्हती. विमानातल्या दोन जेट इंजिनांचा गरम वायू एका झडपेने वळवून नळ्यांतून पंख्यांच्या कडेला नेला जाई. तिथे प्रत्येक पात्याच्या टोकाला बारीक टर्बाइन होतं, त्यावर वायू आदळून पंखा फिरे. दोन्ही जेट इंजिनांचा मिळून थेट जोर सुमारे २,४०० किलोंचा. तोच वायू पंख्यांतून फिरवला की वर उचलणारा जोर जवळजवळ ७,२०० किलो. इंजिन तेच, इंधन तेच, जोर तिप्पट. थोडी हवा जोरात ढकलण्याऐवजी पुष्कळ हवा हळू ढकलली, एवढ्याने हे घडलं. तरीही 'हळू' म्हणजे किती? हिशेब केला तर उठताना त्या पंख्यांखालचा झोत ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातो. आपल्या वावरात ते उतरलं असतं तर पऱ्हाटी मुळासकट गेली असती.

हे विमानही मोफेट फील्डच्या बोगद्यात खांबांवर उभं करून तपासलं गेलं. मे १९६४ मध्ये ते धावपट्टीवरून पहिल्यांदा उडालं, जुलैत जागच्या जागी उठलं आणि नोव्हेंबरात पंख्यांवरून पंखांवर जाण्याचा तो मधला पट्टा त्याने पहिल्यांदा ओलांडला.

बोगद्यात न दिसलेलं

एप्रिल १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर प्रात्यक्षिक चालू असताना बांधलेल्या दोन विमानांपैकी एक कोसळलं आणि वैमानिक लू एव्हरेट गेले. पंख्यांवरून जेटवर जाण्याचं बटण वेग पुरेसा नसताना चुकून दाबलं गेलं असावं, असं मानलं जातं. तो बदल एका क्षणात होतो. झडप फिरते, पंख्यांचा वायू बंद होतो, झाकणं मिटतात. त्या क्षणी पंखाखाली पुरेशी हवा पळत नसेल तर वजन पेलायला काहीच उरत नाही. बोगद्यातले आकडे सांगत होते की किमान वेग किती हवा. माणसाचा हात चुकून कुठे लागेल हे आकडे सांगू शकत नव्हते. असं बटण वेग कमी असताना चालूच होऊ नये, अशी रचना यंत्रातच असायला हवी.

दुसरा अपघात ऑक्टोबर १९६६ मधला. उरलेलं विमान सुटकेच्या कामाला वापरता येईल का, याची चाचणी होती. हवेत स्थिर राहून दोर खाली सोडायचा आणि माणूस वर ओढून घ्यायचा. दोराच्या टोकाचा, माणूस अडकवायचा पट्टा वर आला आणि पंखातल्या पंख्याने तो आत ओढून घेतला. विमान कोसळलं. वैमानिक मेजर डेव्हिड टिटल यांनी आसनासह उडी घेतली, पण ते वाचले नाहीत. हे विमान पुढे दुरुस्त होऊन एक्सव्ही-५बी या नावाने १९६८ मध्ये पुन्हा उडालं आणि नासाने ते संशोधनासाठी वापरलं. आज ते अलाबामातल्या लष्करी विमान संग्रहालयात आहे.

मला या दुसऱ्या अपघाताचं फार वाटतं, कारण आपल्याकडे उद्या जे काम या यंत्रांकडून अपेक्षित आहे ते नेमकं तेच आहे: पुरात अडकलेल्या माणसापाशी जाऊन थांबणं, काहीतरी खाली सोडणं, काहीतरी वर घेणं. पंख्याच्या तोंडाभोवती हवा चहूकडून आत वळते, हे थर्माकोलच्या पंखावरच्या धाग्यांनी दाखवलं होतं. त्या ओढीत दोर येईल, ओढणी येईल, पिकातला पालापाचोळा येईल. तोंडावर जाळी लावली तर हवा अडते आणि जोर कमी होतो. जाळी लावून किती कमी होतो, हे परत बोगद्यातच मोजावं लागतं.

एम्सच्या पाठोपाठ क्लीव्हलंडच्या लुईस संशोधन केंद्रात सेमूर लीबलीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या आसपास लहान उचलपंखे आडव्या वाऱ्यात तपासले. पंख्याच्या एका बाजूला हवा वेगाने शिरते, दुसऱ्या बाजूला सैल. पातं प्रत्येक फेरीत एकदा ताणलं जातं आणि एकदा सुटतं. असं मिनिटाला हजारो वेळा. पातं तुटायला हे पुरेसं असतं.

त्यानंतर पंखातल्या पंख्याची कल्पना बराच काळ मागे पडली, पण मेली नाही. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने वेगवान, उभ्या उड्डाणाच्या विमानासाठी अलीकडे जी स्पर्धा घेतली तिच्यात ऑरोरा फ्लाइट सायन्सेस या कंपनीने पंखात पंखे असलेलंच विमान मांडलं आणि २०२४ मध्ये त्याच्या विंड टनेल चाचण्या केल्या. पुढच्या टप्प्यासाठी निवड मात्र बेल कंपनीच्या वेगळ्या रचनेची झाली.

हसूरचंपूहून गटिंगेन, गटिंगेनहून बंगळूर

हे सगळं अमेरिकेतलं. आपलं यात काय, असा प्रश्न मला धामणगावातही विचारला गेला. उत्तर कोल्हापूर जिल्ह्यात आहे.

विष्णू माधव घाटगे १९०८ मध्ये हसूरचंपू या गावी जन्मले. ते शिकायला जर्मनीत गटिंगेनला गेले आणि तिथे लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांड्टल म्हणजे आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणारा माणूस. पृष्ठभागाला चिकटून सरकणाऱ्या हवेच्या पातळ थराचं शास्त्र त्यांनी १९०४ मध्ये मांडलं. हवा बाहेर न सोडता गोल फिरवून परत वापरणारा बोगदाही गटिंगेनमध्येच घडला आणि आजही अशा रचनेला त्या गावाचं नाव लावतात. मोफेट फील्डचा ४० बाय ८० फुटांचा बोगदा त्याच वंशातला.

घाटगे परत आले. १९४० च्या सुमाराला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये रुजू झाले. १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची धुरा त्यांनी सांभाळली. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. पुढे पुष्पक आणि कृषक ही लहान विमानं आणि किरण हे जेट प्रशिक्षण विमानही त्यांच्याच काळात आकाराला आलं. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते १९९१ मध्ये गेले. दिवाळी अंकांच्या पानांवर मराठी माणसाच्या विमानाबद्दल पुष्कळ लिहून आलं आहे, पण त्यात चौपाटीवरून विमान उडाल्याच्या दंतकथेला जेवढी जागा मिळाली त्याच्या दशांशही घाटग्यांना मिळाली नाही. हे अन्यायाचं आहे, कारण घाटग्यांची विमानं खरोखर उडाली आणि त्यांच्यावर हजारो वैमानिक शिकले.

त्यांनी सुरू केलेल्या विभागाच्या आवारात १९५९ मध्ये १४ बाय ९ फुटांच्या चाचणीच्या जागेचा मोठा, उघड्या रचनेचा बोगदा उभा राहिला. बाहेरची हवा घेऊन तो दुसऱ्या टोकाला सोडून देतो. कानपूरच्या आयआयटीत ३ मीटर बाय सव्वादोन मीटरचा राष्ट्रीय बोगदा आहे आणि त्यात हवा सेकंदाला ८० मीटरपर्यंत जाते. म्हणजे देशात साधनं आहेत, विद्या आहे आणि तिची सुरुवात करून देणारा माणूस आपल्यातला होता.

वावरातला सवाल

नवी मुंबईपासून बंगळूरपर्यंत आज उभं उठणारी आणि पंखावर उडणारी ड्रोनं बनतात. लष्कर ती वापरतं, मोजणी खातं वापरतं, उद्या आरोग्य खातं वापरेल. नमो ड्रोन दीदी योजनेतून बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याचं लक्ष्य केंद्राने २०२३ मध्ये ठेवलं. एवढी यंत्रं वावरात उतरणार असतील तर त्यांच्याखालचा आणि त्यांच्याभोवतीचा वारा तपासलेला असला पाहिजे.

धामणगावच्या त्या ताईला मी विचारलं की किती वाऱ्यापर्यंत हे यंत्र चालवायचं, हे तुम्हाला कसं कळतं. "शिकवताना आकडा सांगतला होता," ती म्हणाली. "पण वावरात वारा मोजाले काई नाही. मी बाभयीकडं पाहतो." तिचा अंदाज अनुभवाचा आहे आणि मी तो मानतो. तरी यंत्र विकणाऱ्याने तिला वारा मोजायचं साधं उपकरण यंत्राबरोबर द्यायला हवं. त्याची किंमत ड्रोनच्या किमतीपुढे काहीच नाही. आडव्या वाऱ्यात औषध किती अंतर वाहून जातं, त्याचा तक्ताही मराठीत छापून द्यायला हवा. हा तक्ता बोगद्यात तयार होऊ शकतो.

ज्या महाविद्यालयात थर्माकोलचा पंख पाहिला, तिथला बोगदा वर्षातले मोजके दिवस प्रात्यक्षिकाला चालतो आणि एरवी बंद असतो. बाईंची तक्रार नव्हती. "कोणी काम घेऊन आलं तर आम्ही रोज चालवू," एवढंच त्या म्हणाल्या. एक फुटाच्या पेटीत अख्खं ड्रोन मावणार नाही, पण फवारणीचं एक तोंड मावतं, एक पातं मावतं, पऱ्हाटीचं एक झाड मावतं.

विदर्भात आणि खानदेशात असे बोगदे असलेल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. पुढच्या हंगामाआधी आपल्या तालुक्यातल्या ड्रोन चालवणाऱ्या बायांना एकदा प्रयोगशाळेत बोलवा, त्यांच्या यंत्राचं फवारणीचं तोंड बोगद्यात लावा, वारा सोडा आणि औषध कुठे जातं ते त्यांना दाखवा. आणि वाचकांपैकी ज्यांच्या वावरात यंदा ड्रोन उतरणार आहे त्यांनी पैसे देण्याआधी विचारावं: किती वाऱ्यापर्यंत हे यंत्र तपासलं आहे, आणि ते कुठे लिहिलेलं आहे?